मदत हवी आहे: निविदेची कागदपत्रे फक्त एल-1 (सर्वात कमी दराच्या) निविदाकाराकडून मागण्याबाबत

केंद्राच्या अनुदानावर चालणाऱ्या एका स्वायत्त संस्थेत मी खरेदीचे काम पाहतो. आम्हाला सामान्य वित्तीय नियम, 2017 लागू आहेत. प्रयोगशाळेतील उपकरणांसाठी दोन लिफाफा पद्धतीची (तांत्रिक प्रस्ताव व दर वेगवेगळ्या लिफाफ्यांत) निविदा काढायची असून ती उपकरणे जेमवर (सरकारी ई-खरेदी पोर्टलवर) उपलब्ध नाहीत. तसा अहवाल घेतलेला आहे.

जुन्या मसुद्यात मुद्रांक कागदावरील प्रतिज्ञापत्रांपासून प्रत्येक पानावर सही-शिक्क्यापर्यंत सर्व काही सर्वांकडूनच मागितले जात असे. नोटरीऐवजी स्वसाक्षांकन स्वीकारण्याचे ठरले असून, सूक्ष्म व लघु उद्योगांना 2012 च्या खरेदी धोरणानुसार उद्यम नोंदणीवर बयाणा रकमेतून (निविदेसोबतच्या अनामतीतून) सूट दिली आहे. (ही सूट केवळ व्यापार करणाऱ्यांना नाही, हे ठाऊक आहे.)

पुढचा प्रस्ताव असा की, पात्रतेबाबत सर्वांकडून एकच स्वयंघोषणा घ्यावी आणि उलाढाल व अनुभवाचे पुरावे दर उघडल्यानंतर फक्त एल-1 कडून तपासावेत. यावर लेखा शाखेचा आक्षेप आहे, आणि तो मला अगदीच गैरलागू वाटत नाही: तांत्रिकदृष्ट्या पात्र ठरलेल्यांचेच दर उघडायचे असतात, आणि एल-1 पुराव्यात नापास झाला तर ते केंद्रीय दक्षता आयोगाच्या 2007 च्या परिपत्रकातील एल-1 च्या माघारीसारखे धरून फेरनिविदा काढावी लागेल की पुढच्या निविदाकाराचा विचार करता येईल, हे स्पष्ट होत नाही.

लेखापरीक्षणात टिकलेली अशी अट कोणी वापरली असल्यास तिची शब्दरचना काय होती, आणि स्वयंघोषणा खोटी ठरल्यास पुढच्या कार्यवाहीची तरतूद निविदेत कशी केली होती?