अडीच वर्षांच्या मुलीला 'पेप्पा पिग' दाखवावं का?

ओसरी
आमच्या घरात सध्या इंग्लंडच्या कार्टूनमधल्या या डुकरिणीवरून दोन तट पडलेत. जाऊबाई म्हणतात, पेप्पा उद्धट आहे, बापाच्या पोटावरून हसते, धाकट्या भावावर, जॉर्जवर दादागिरी करते. त्यापेक्षा छोटा भीम लावा, निदान आपला तरी आहे.

मला उलट वाटतं. पेप्पाचा एक भाग पाच मिनिटांत संपतो. चित्रं ठळक, पडद्यावर एका वेळी फारशी धावपळ नाही. निवेदक सांगतो जॉर्ज रडतोय, आणि जॉर्ज खरंच रडत असतो. विषयही तिच्या आवाक्यातले: बाबाचा चष्मा सापडत नाही, दात पडला, चिखलात उड्या मारल्या. ढोलकपूरवर कुणीतरी चालून येतं, भीम लाडू खातो आणि त्याला धरून आपटतो. शाळेत जाणाऱ्या मुलाला त्यातला चांगला-वाईट कळत असेल. अडीच वर्षांच्या पोरीला फक्त आपटणं दिसतं.

मी एकच बघते: टीव्ही बंद केल्यावर ती काय खेळते. पेप्पानंतर बाहुलीला चष्मा लावते. भीमानंतर उशीला लाथा. तुमचं काय मत?

कोथिंबीरवडी
जाऊबाईंच्या बाजूने मी. तो शिट्टीचा भाग आठवा. पेप्पाला शीळ वाजवता येत नाही, म्हणून मैत्रिणीला, सूझीला, फोन करून विचारते. सूझी सहज वाजवून दाखवते आणि ही काही न बोलता फोन ठेवून देते. आपण पोट धरून हसतो, कारण आपल्याला तो हेवा ओळखीचा आहे. मुलाला विनोद कळत नाही, फोन ठेवणं कळतं. तुम्हीच म्हणताय ना, की त्यांना फक्त कृती दिसते? मग तो नियम भीमाला लावायचा आणि पेप्पाला माफ, असं कसं?

शिवाय सुरुवातीच्या भागांत हे कुटुंब गाडीत सीटबेल्टच लावत नव्हतं. तक्रारी आल्यावर निर्मात्यांनी ते नंतर चितारले. म्हणजे 'लहानांसाठी खास' म्हणून बनवणाऱ्यांचंही लक्ष नसतंच.

घटपर्णी
तक्रारींचं म्हणाल तर कोळ्याच्या भागाची गंमत ऐका. त्यात कोळ्याला घाबरू नये, तो काही करत नाही, असं शिकवलंय. इंग्लंडात ठीक आहे. ऑस्ट्रेलियात विषारी कोळी घरात शिरतात, म्हणून तिथल्या एबीसी वाहिनीने २०१२ मध्ये तो भाग काढून टाकला. भाग तोच, पण देश बदलला की अयोग्य. त्यामुळे 'ही मालिका योग्य आहे का' असं हवेत विचारण्यात अर्थ नाही. आमच्या कोकणात मी तो भाग दाखवणार नाही, सिंधुदुर्गात विंचवाचा प्रश्न फार जवळचा आहे. बाकी पेप्पा खुशाल बघू दे.

नाडीपरीक्षा
सगळे मालिकेवर भांडताय, वयावर कुणी बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय: एक वर्षाच्या मुलाला पडदा नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तर उत्तम. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची, आयएपीची, सूचनाही जवळपास हीच.

कारण फक्त डोळे नव्हेत. १९९८ मध्ये छापून आलेला एक प्रयोग बघा. शेजारच्या खोलीत खेळणं लपवताना दोन वर्षांच्या मुलांना दाखवलं. खिडकीतून पाहणाऱ्यांना ते बहुतेक वेळा सापडलं. तेच टीव्हीवर पाहणारी बहुतेक मुलं गोंधळली. पडद्यावरचं आणि खोलीतलं एकच, हे त्या वयात जुळत नाही. तेव्हा पेप्पा 'काय शिकवते' ही चर्चा दोन वर्षांखाली जवळजवळ निरर्थक आहे. अडीच वर्षांला थोडं जुळू लागतं, इतकंच.

(जाता जाता: त्या मालिकेतले डॉक्टर फोन करताच घरी हजर होतात. २०१७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या नाताळ अंकात एका डॉक्टरीणबाईंनी यावर गमतीने पण लांबलचक लेख लिहिला होता. पेशंटच्या अपेक्षा वाढतात म्हणे. अगदी पटलं.)

दुपारची_भांडी
एक तास, एक तास. नाडीपरीक्षा, तुमच्याकडे दुपारी मूल कोण बघतं? वन बीएचकेत एकटी बाई, कुकर लावायचाय, पोर पायात घुटमळतंय. त्या पाच-पाच मिनिटांच्या भागांत माझी फोडणी होते. पेप्पाचा मोठा गुण तोच आहे: भाग संपतो, आणि संपला हे मुलाला कळतं. यूट्यूबवर बडबडगीतांच्या तासतासाच्या पट्ट्या असतात, त्यांना शेवटच नसतो. बंद केलं की रडारड. कुठलं कार्टून सभ्य, यापेक्षा कुठलं बंद करता येतं, हे मला जास्त महत्त्वाचं.

उंबराचं_फूल
बंद करता येण्याशी वेगाचा संबंध असावा. अमेरिकेत २०११ मध्ये चार वर्षांच्या ६० मुलांवर प्रयोग झाला. काहींना नऊ मिनिटं 'स्पंजबॉब' दाखवलं, काहींना 'कायू'सारखं संथ कार्टून, काहींना नुसती चित्रं काढायला दिली. स्पंजबॉबमध्ये सरासरी ११ सेकंदांत दृश्य बदलतं, कायूमध्ये ३४. लगेच नंतर दिलेल्या कामांत, म्हणजे थांबणं, सूचना लक्षात ठेवणं वगैरे, स्पंजबॉबवाली मुलं मागे पडली. तेव्हा घड्याळ लावून एका मिनिटात किती दृश्यं बदलतात ते मोजा. मोटू पतलूला मोजून बघा, दम लागेल.

चिंचोका
हा प्रयोग सगळे अर्धाच सांगतात. परिणाम लगेच मोजला, तो किती टिकतो हे त्यातून कळत नाही. मुलं चार वर्षांची होती, आणि स्पंजबॉब दाखवणाऱ्या वाहिनीने तेव्हाच म्हटलं होतं की ही मालिका सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी आहे. पुढे २०१५ मध्ये त्याच गटाने जास्त प्रयोग केले, तेव्हा वेगापेक्षा अशक्य, अद्भुत घटनांकडे बोट गेलं. तसं असेल तर घड्याळ काय कामाचं? संथ कार्टूनमध्येही माणसं हवेत उडू शकतात.

उंबराचं_फूल
मान्य, पण मग तुमच्याच मुद्द्याने पेप्पा जिंकते. डुकरं बोलतात हे सोडलं तर त्या घरात अशक्य असं फारसं काही घडत नाही. उडणं, राक्षस, जादू हे सगळं ढोलकपुरात.

चिंचोका
म्हणजे आमच्या आज्ज्यांनी सांगितलेल्या राक्षसांच्या गोष्टी वाईट? आजी गोष्ट सांगताना मधे थांबते, पोर घाबरलं तर राक्षसाला झोपवते. टीव्ही थांबत नाही. फरक राक्षसात नाही.

पडवीतला_पाट
एक विचारू? संध्याकाळी सात ते नऊ तुमच्या हॉलमध्ये काय चालू असतं? सासू-सुनांची मालिका, कानाखाली वाजवली की तीनदा दाखवतात, वर ढॅण् ढॅण् संगीत. मूल जमिनीवर ठोकळे मांडत बसलेलं. आपण म्हणतो, ते कुठे बघतंय! २००८ मध्ये एक ते तीन वर्षांच्या मुलांवर हेच तपासलं गेलं. मागे मोठ्यांचा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम लावून ठेवला. मुलं त्याकडे क्वचितच बघत होती, तरी एका खेळण्याशी रमण्याचा वेळ कमी झाला. पेप्पाची पाच मिनिटं मोजायची आणि हे दोन तास धरायचेच नाहीत?

ओसरी
पडवीतला पाट, हे आमच्याकडे शंभर टक्के लागू. भीमाला मी अजून तीन वर्षं तरी नाहीच म्हणणार. पेप्पा राहील, दुपारी दोन भाग, शिट्टीचा वगळून, आणि जमेल तेव्हा कुणीतरी शेजारी बसून. संध्याकाळी मुलीला आतल्या खोलीत खेळायला न्यायचा विचार आहे.

कोथिंबीरवडी
म्हणजे आजी हॉलमध्ये मालिकेसमोर आणि नात आत? दिवसभरात आजीच्या मांडीवर बसायची तीच वेळ असते हो. मालिका नऊनंतर मोबाईलवर बघायला आजींना शिकवा, ते जास्त बरं. आणि शिट्टीचा भाग वगळताय त्याबद्दल जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा.