मामांच्या रॅलेला नवे गिअर लावणारच (उत्तर जरा लांबलंय)

सुरसागरकाठ

परवा 'मूळरूप' यांनी लिहिलं की जुन्या इंग्लिश सायकलीला आजचे गिअर-ब्रेक लावणारे लोक वारशाची माती करतात, आणि जुन्या गिअरवर ज्याला चढ झेपत नाही त्याने सायकल भिंतीला टांगून ठेवावी. एका ओळीत उत्तर देऊन गप्प बसणार होतो, पण राग गेला नाही.

माझ्या मामांनी सत्तरच्या दशकात इंग्लंडहून रॅले सायकल आणली. रेनॉल्ड्स ५३१ या स्टीलच्या पाइपाची फ्रेम, पुढे ५२ आणि ४२ दातांच्या दोन चकत्या, मागे पाच चकत्यांचं फ्रीव्हील, २७ इंची चाकं. मामा तिच्यावरून बडोद्यात रावपुऱ्यातून फत्तेगंजला कामाला जायचे. जपून ठेवायला आणलीच नव्हती त्यांनी. मूळचे ॲल्युमिनियमचे रिम खड्ड्यात वाकले तेव्हा मांडवीतल्या मिस्त्रीने क्रोमचे लोखंडी रिम चढवले, कारण तेव्हा इथे तेच मिळायचे. पुढे सीट बदलली, पायडल बदलली. मग मूळ रूप धरायचं ते कुठल्या सालचं?

लोखंडी रिम ओला झाला की ब्रेकचं रबर नुसतं घसरतं, हे इथे कुणाला सांगायला नको. गेल्या पावसाळ्यात काळा घोडा सर्कलला रिक्षा आडवी आली, दोन्ही ब्रेक आवळले तरी सायकल थांबेना. नशीब, रिक्षावाल्याने बघितलं.

तेव्हा माझं ठरलंय. आजच्या ७०० सी मापाचे ॲल्युमिनियम रिम, नव्या पद्धतीचे ड्युअल पिव्हट ब्रेक, शिमानोचा क्लॅरिस हा आठ गिअरचा संच, मागे ११ ते ३४ दातांच्या चकत्या. फ्रेमला करवत लावणार नाही, काही झाळणारही नाही. जे पान्याने निघतं तेवढंच बदलणार, आणि काढलेलं सगळं ठेवणार. पन्नास वर्षांनंतरही स्टीलची फ्रेम एवढं सगळं सामावून घेते, यातच तिचं मोठेपण आहे. तिला टांगून ठेवणं हा तिचा अपमान आहे.

मूळरूप

रिमला माझा विरोध कधीच नव्हता. ब्रेक न लागणारी सायकल चालवा असं मी कुठे लिहिलंय ते दाखवा.

माझा विरोध क्लॅरिसला आहे. फ्रेमच्या खालच्या दांडीवरचे गिअरचे दोन नाजूक लिव्हर काढायचे आणि हँडलवर काळे जाडजूड ठोकळे बसवायचे. डोळ्यांना दिसत नाही का? त्या लिव्हरला खटके नाहीत, त्यामुळे केबल सैल झाली तरी बोट जरा पुढे सरकवलं की गिअर बसतो. इटलीत गायोले इन कियांतीला १९९७ पासून लेरोइका ही जुन्या सायकलींची फेरी भरते. सायकल १९८७ च्या आधीची, गिअरचे लिव्हर दांडीवर, ब्रेकच्या केबल उघड्या. तशा सायकलींवर लोक कच्च्या पांढऱ्या रस्त्यांवरून डोंगर चढतात, आणि त्यात साठी उलटलेलेही असतात. त्यांना गुडघे नाहीत का?

माचीपर्यंत

लेरोइका वर्षातून एकदा, मूळरूप. इथे आम्हाला दर रविवारी हालोलच्या रस्त्याने पावागडला जायचं असतं. शेजारून डंपर जात असताना एक हात सोडून गुडघ्याजवळच्या लिव्हरला हात घाला, मग नाजूकपणा बोला. चांपानेरपर्यंत सपाट आहे, मान्य. तिथून गडावरच्या माचीपर्यंतचा घाट ४२-२४ च्या जुन्या गिअरवर चढून दाखवा. माझ्या भावाने असाच हट्ट केला, आज तो सायकलच चालवत नाही. डॉक्टरांनी गुडघ्याला विश्रांती सांगितली ती कायमचीच झाली.

मूळरूप

तुमच्या भावाच्या गुडघ्याचा दोष माझ्या लिव्हरवर टाकू नका. जुन्या मापाचंच २८ दातांचं फ्रीव्हील मिळतं. शोधायचा कंटाळा म्हणून सगळं नवं आणायचं, हे मला पटत नाही.

लेथवाली

भांडण पुढे चालू द्या, आधी मापं घ्या. मागे पाच चकत्या असलेली फ्रेम मागचं चाक बसतं तिथे बहुधा १२० मिमी रुंद असते, क्लॅरिसच्या हबला १३० लागतात. म्हणजे मागचा चिमटा दोन्हीकडे पाच-पाच मिमी फाकवावा लागणार. ५३१ ला हे गार अवस्थेतच करता येतं, गॅस दाखवायचा नाही. थोडं थोडं फाकवा. दर वेळी हँडलखालच्या हेड ट्यूबपासून मागचा ॲक्सल बसतो त्या दोन्ही खाचांपर्यंत दोरी ताणून सीटच्या पाइपपासून दोन्हीकडचं अंतर सारखं आहे का ते बघा. शेवटी खाचा एकमेकींना समांतर करून घ्या. रेनॉल्ड्सच्याच ७५३ ची फ्रेम असती तर हात लावू नका म्हटलं असतं, तो पाइप उष्णतेने कडक केलेला असतो. ॲल्युमिनियम आणि कार्बनचं तर नावच नको.

मूळरूप, तुमच्या फ्रीव्हीलबद्दलही एक. त्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे चकत्यांच्या आतल्या बाजूला बसतात, ॲक्सलचा बराच भाग आधाराविना बाहेर राहतो, आणि म्हणून आपल्या रस्त्यांवर तो वाकतो. क्लॅरिसच्या चकत्या ज्यावर चढतात त्या नव्या फ्रीहबमध्ये बेअरिंग टोकाशी असतं. हा दिसण्याचा प्रश्न नाही.

सुरसागरकाठ, तुमच्या रिमचा व्यास ६३० मिमी वरून ६२२ वर येणार, म्हणजे ब्रेकचं रबर ४ मिमी खाली गेलं पाहिजे. लांब हातांचे ब्रेक घ्या. आणि क्रँकच्या बीबीचे (बॉटम ब्रॅकेट, फ्रेमच्या तळाशी क्रँक फिरते ते बेअरिंग) आटे मोजा. नॉटिंगहॅमच्या बऱ्याच रॅलेत इंचाला २४ ऐवजी २६ आटे असतात. नवी बीबी जबरदस्तीने फिरवलीत तर फ्रेम गेली.

मांडवीकर

हे सगळं ठीक, पण रंगाचं कुणीच बोलत नाही. नवीन करताय तर पावडर कोटिंग करून घ्या, पुढची वीस वर्षं बघायला नको.

मूळरूप

रंगाला हात लावायचा नाही! हात जोडतो.

लेथवाली

इथे मी मूळरूपांच्या बाजूने. वडिलांची फ्रेम मकरपुऱ्यातल्या एका कोटिंगवाल्याकडे दिली होती, आटे झाकायला बजावून सांगितलं होतं. परत आली तेव्हा बीबीच्या आट्यांत पावडर भाजून घट्ट बसलेली, फ्रेमचा नंबर वाचता येईना, लगच्या, म्हणजे पाइपांच्या सांध्यावरच्या बाह्यांच्या, कडा बुजून गेलेल्या. शिवाय कोटिंगआधी जाड वाळूचा मारा. या पाइपांची जाडी मधोमध अर्धा-पाऊण मिलिमीटर, तिथे दारं-खिडक्यांसारखी वाळू मारतात का? वडील बोलले काही नाहीत. मला अजून त्रास होतो.

मांडवीकर

एकाने खराब केलं म्हणून सगळेच वाईट झाले का ताई? माझी करून आणली, आरशासारखी आहे. जुना रंग ठेवून गंज चढू द्यायचा, ही कुठली भक्ती? २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी आमच्या तळमजल्यात होतं, तीन सायकली बुडाल्या. त्यातली कोट केलेली एकटी वाचली.

लेथवाली

वाचली हे कशावरून? आतून बघितलीत? पुराचं पाणी सीटच्या पाइपातून शिरतं आणि बीबीच्या नळीत साठतं. बाहेर चकाकी आणि आत गाळ. पावडर बाहेरून असते, पाइपाच्या आत काहीच नसतं. बीबी काढा, स्क्रू ड्रायव्हर घालून खरवडा, पोपडे निघाले तर समजा. तिथे गंज खोल गेला की भार पडतो त्याच जागी फ्रेम चिरते.

मांडवीकर

माझी सायकल मला माहीत. तुम्ही घरात बसून निकाल देऊ नका.

लेथवाली

निकाल देत नाही, त्या सायकलवर घरातलं कुणी पोर बसत असेल म्हणून सांगतेय. स्वच्छ धुवा, आठवडाभर उन्हात वाळवा, मग पाइपांच्या आत 'बॉइल्ड' म्हणून मिळणारं अळशीचं तेल ओतून फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा, जास्तीचं निथळू द्या. बीबीच्या खाली भोक असेल तर ते बुजवू नका.

माचीपर्यंत

पुरात बुडालेल्या सायकली भंगारात निघाल्या तेव्हा लोकांनी चांगल्या फ्रेमही टाकून दिल्या. कारेलीबागेत कचऱ्याच्या ढिगात लग असलेली एक फ्रेम मी डोळ्यांनी पाहिली. उचलायला गेलो तोवर गाडी घेऊन गेली. वारसा म्हणता ना, मूळरूप, तो तिकडे गेला. आमच्या गिअरने नाही गेला.

मूळरूप

हे वाचून वाईट वाटलं. खरंच वाटलं.

ठीक आहे. फ्रीहबचं लेथवालींनी सांगितलेलं मला खोडता येत नाही. १३० करा. ११-३४ पण लावा, माचीला जायचंच असेल तर. पण हँडलवरच्या त्या ठोकळ्यांना माझी संमती नाही, आणि कधी मिळणारही नाही. आठ गिअरचे दांडीवरचे लिव्हर शिमानोनेच काढलेले आहेत, तेही खटक्यांचे. हँडलवर फक्त ब्रेक ठेवा. एवढं केलंत तर मी परवाचं माझं लिहिलेलं मागे घेईन.

माचीपर्यंत

आणि डंपर?

सुरसागरकाठ

डंपरसाठीच हँडलवरचे घेणार. मूळरूप, तुमचा आग्रह कळतो, पण त्या रस्त्यावर हात मी सोडणार नाही. मामांचे लिव्हर, फ्रीव्हील, क्रँक सगळं तेल लावून पेटीत राहील. भाच्यांपैकी कुणाला पुन्हा जोडायचं असेल तर एका दुपारचं काम आहे.

लेथवाली, आजच मोजलं. मागचं अंतर १२० च निघालं. आटे २४ आहेत का २६ ते बीबी उघडल्यावर बघतो, गेज तुमच्याकडे असेल तर रविवारी घेऊन येतो. रंगाला हात लावत नाही.