विषय: डिसेंबरमध्ये शिलोंड्याची वाट

मंडळातील सर्वांस सप्रेम नमस्कार.

डिसेंबरच्या अखेरीस आम्ही सहकुटुंब मुंबईस येत आहोत. मुलांना एक दिवस रानातून, ओढ्याच्या काठाने हिंडवावे अशी इच्छा आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील शिलोंड्याच्या वाटेवर त्या दिवसांत पाणी असते का, हे जाणकारांनी कृपया कळवावे.

---

नमस्कार.

निवृत्तीनंतर मी बोरिवलीतच राहतो, म्हणून उत्तर देत आहे. केवळ पाण्यासाठी जायचे असेल, तर डिसेंबर म्हणजे उशीरच. हे डोंगर बुटके आहेत आणि ओढ्यांची सारी मदार पावसावर. त्यामुळे श्रावणात खळाळणारा प्रवाह दिवाळीनंतर झपाट्याने रोडावतो आणि नाताळच्या सुमारास खडकांमधल्या डबक्यांपुरता उरतो.

तरीही मी याच दिवसांत यावे असे म्हणेन. पावसाळ्यात शेवाळलेल्या खडकांवरून नजर काढता येत नाही आणि वर डोंगरात जोराची सर आली की खाली पाणी एकाएकी चढते, त्यामुळे मुलांना घेऊन जाण्याचा तो काळ नव्हे. हिवाळ्यात रान विरळ होते, स्थलांतर करून आलेले पक्षी असतात, आणि ते उरल्यासुरल्या पाण्यावरच उतरत असल्याने एखाद्या डबक्यापासून थोडे दूर, गप्प बसून राहावे. (गप्प बसणे मुलांपेक्षा मोठ्यांना जड जाते, असा माझा अनुभव आहे.)

ही वाट सर्वांना मोकळी नाही. उद्यानातील निसर्ग माहिती केंद्राकडे आधी चौकशी करून परवानगी घ्यावी व माहितगार सोबत घेऊनच जावे. सोमवारी उद्यान बंद असते. रान बिबट्यांचे आहे; मुलांना पुढे पळू देऊ नये.

---

आभारी आहे. परवानगी न मिळाल्यास दुसरे काय सुचवाल?

---

कान्हेरी. तेथील शंभराहून अधिक लेणी पाहताना मूर्तींइतकेच लक्ष पाण्याच्या पोढ्यांकडे, म्हणजे कातळात खोदलेल्या टाक्यांकडे, द्यावे. कातळात खोदलेल्या पन्हळींतून पावसाचे पाणी या टाक्यांत उतरवून भिक्षूंनी कोरड्या महिन्यांची सोय केली होती, आणि आटलेला ओढा पाहिल्यावर मुलांना त्या खटाटोपाचे कारण लगेच उमगेल. खाऊ मात्र पिशवीत बंद ठेवावा. तेथील माकडे पाहुण्यांची भीड ठेवत नाहीत.