मे महिन्यात केनिया: सफारी आणि समुद्र, सोबत आई. झेपेल का?

नाशिककर_सहकुटुंब:
मंडळी, मेच्या सुट्टीत केनियाचा बेत घाटतोय. मी, बायको, दहा वर्षांचा मुलगा आणि आई (वय ६८, गुडघे ठणठणीत, कंबर नाजूक). एजंटने नऊ दिवसांत मसाई मारा, नाकुरू, अंबोसेली (ही तिन्ही सफारीची अभयारण्यं) आणि शेवटी झांझिबार (शेजारच्या टांझानियाचं बेट) असं बसवून दिलंय, तेही बऱ्यापैकी स्वस्तात. सिंह आणि समुद्र दोन्ही निवांत बघायचेत. आई शाकाहारी. कुणी जाऊन आलंय का?

भटक्या_ठाणे:
आम्ही ऑगस्टमध्ये मारा केलं. नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे (गाईसारखे दिसणारे हरीण-कुळातले प्राणी) कळप बघायचे तर जुलै ते ऑक्टोबरच. पण खिसा सांभाळा. माराची प्रवेश फी माणशी दिवसाला जानेवारी-जूनमध्ये १०० डॉलर आणि जुलैपासून २०० डॉलर, २०२४ पासून. एजंटच्या दरात ती धरली आहे का, लेखी विचारा.

मोंबासावाली:
नवऱ्याच्या नोकरीपायी मोंबासात बरीच वर्षं काढलीत, म्हणून हक्काने सांगते. मे आधी रद्द करा. मार्चअखेरपासून मेपर्यंत तिकडचा मोठा पाऊस, आणि किनाऱ्यावर मेसारखा ओला महिना नाही. समुद्र गढूळ, दियानीची (मोंबासाजवळचा समुद्रकिनारा) बरीच हॉटेलं डागडुजीला काढलेली, माराच्या काळ्या मातीत गाड्या रुतलेल्या. स्वस्त उगाच नाही मिळत हो! शाळेमुळे दुसरा इलाज नसेल तर दिवाळीची सुट्टी घ्या. तेव्हा छोटा पाऊस सुरू होत असतो, पण सर येते नि जाते. शाळेने सांभाळून घेतलं तर जानेवारी-फेब्रुवारीला तोड नाही. उकडतं भरपूर, पण आकाश कोरडं आणि पाणी स्वच्छ.

आता कंबर. नैरोबी ते मारा पाच-सहा तास, त्यातला शेवटचा पट्टा असा की ड्रायव्हर हसत "आफ्रिकन मसाज" म्हणतात. तिथून अंबोसेली गाठायचं म्हणजे अख्खा दिवस गाडीत. मी असते तर मारा, नाकुरू आणि झांझिबार तिन्हींवर फुली मारली असती. (माराप्रेमींनो, शिव्या खुशाल द्या.) नैरोबीहून अंबोसेलीत दोन रात्री, मग त्साव्हो वेस्ट आणि त्साव्हो ईस्ट ही दोन अभयारण्यं, आणि सरळ दियानी. रस्ता समुद्राकडेच उतरतो, उलटं फिरावं लागत नाही. अंबोसेलीत पहाटे उठा, ऊन चढलं की किलिमांजारो ढगात जातो. त्साव्हो वेस्टला म्झिमा झऱ्यांवर पाण्याखाली काचेची खोली आहे, मुलगा तिथून हलणार नाही. ईस्टचे हत्ती तिथल्या तांबड्या मातीत लोळून विटकरी झालेले असतात. सिंह मात्र माराइतके सहज दिसत नाहीत, झुडपं दाट आहेत. मुलाला तसं आधीच सांगून ठेवा.

दियानीला जायच्या तारखा कालनिर्णय बघून ठरवा, थट्टा नाही! पौर्णिमा-अमावास्येला उधाण, आणि ओहोटी नेमकी सकाळी दहा-अकराच्या सुमारास. पाणी पार लांब जातं, मग पोहायचं कुठे? अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, तेव्हा दिवसभर बऱ्यापैकी पाणी राहतं. ओहोटीत खडकांवर फिरायचं तर पायात रबरी बूट हवेतच, काटेरी सी-अर्चिन असतात. आणि खोलीची खिडकी उघडी टाकू नका. माकडं आमचा अख्खा खाकऱ्याचा डबा घेऊन झाडावर बसली होती.

आईंच्या जेवणाची काळजी नको. चपाती, डाळ, पालेभाजी सगळीकडे. किनाऱ्यावर सकाळी महामरी आणि म्बाझी मागा. म्हणजे वेलची घातलेली पुरी आणि नारळाच्या दुधातली तूर. म्बाझीवर लिंबू पिळून खाल्लं की कोकणात बसल्यासारखं वाटतं.

औषधवाला:
सगळे जेवणावर बोलताहेत, लशीचं कुणी काढलंच नाही. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचं कार्ड लागतं आणि ते टोचल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. ही लस सरकारमान्य केंद्रातच मिळते. साठीपुढच्यांना तिचे गंभीर दुष्परिणाम होण्याचा धोका जास्त असतो, त्यामुळे तिकिटं काढायच्या आधी आईंना डॉक्टरांकडे न्या. डॉक्टरांचं "लस देऊ नये" असं पत्र विमानतळावर पुरेल, असं गृहीत धरू नका. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारा. व्हिसा आता नाही, जानेवारी २०२४ पासून ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी, काढायची.

नाशिककर_सहकुटुंब:
लशीचं एजंट एका शब्दाने बोलला नव्हता! उद्याच आईला डॉक्टरांकडे नेतो. मे रद्द, दिवाळी बघतोय. मोंबासावाली ताई, परतताना पुन्हा नैरोबीपर्यंत गाडीच का?

मोंबासावाली:
छे! मोंबासा-नैरोबी मादाराका एक्सप्रेस ही रेल्वे घ्या, २०१७ पासून धावते. पाच-सहा तास, आणि त्साव्होतूनच जाते, हत्ती खिडकीतून दिसतात. तिकीट ऑनलाइन, आधीच काढा. दिवाळीला गर्दी असते. सामान तपासायला स्टेशनवर कुत्री आणतात, त्यात वेळ जातो, तेव्हा तासभर आधी पोचा. आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा, तिकडे त्यांच्यावर बंदी आहे. लाडू-चिवडा डब्यात भरा.