घरगुती बिअरसाठी वजनकाटा कोणता घ्यावा?

प्रश्न: मी लंडनमध्ये घरी एका वेळी २० लिटर बिअर बनवतो. त्यासाठी लागणारे ५ किलो माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य), ३० ग्रॅम हॉप्स (कडवटपणासाठी घालायची फुले) आणि ३ ग्रॅम जिप्सम (पाण्यात मिसळायचा क्षार) एकाच काट्यावर अचूक मोजता येईल का?

उत्तर १: नाही. १ ग्रॅमच्या टप्प्याने मोजणारा काटा सहज अर्ध्या ग्रॅमने चुकू शकतो आणि माल्टच्या बाबतीत नगण्य असलेली ही चूक जिप्समच्या बाबतीत सहाव्या हिश्श्याची होते. माल्टसाठी १० किलोचा आणि क्षारांसाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, असे दोन काटे घ्यावेत.

उत्तर २: मी सहमत आहे. मात्र १० किलोच्या मर्यादेत भांड्याचे वजनही येते, हे कृपया लक्षात घ्यावे.

उत्तर ३: लहान काट्यासोबत पडताळणीसाठी प्रमाणित वजनही अवश्य घ्यावे.