आजोबांच्या जुन्या दाव्याचा निकाल कुठे मिळेल?

प्रश्न: मुळशीच्या जमिनीचा वाटपाचा दावा होता, शिवाजीनगर कोर्टात, ९४ च्या आसपासचा. आजोबा गेले, वकीलही हयात नाहीत, आता सातबारावर नाव लावायला हुकूमनामा (कोर्टाची डिक्री) मागतायत आणि घरात नुसती एक पिवळी पडलेली नोटीस आहे. कुणी सांगेल का प्लीज?

कोथरूडकर: आधी ती नोटीस नीट बघा, कोपऱ्यात "रे.मु.नं." असं काहीतरी लिहिलेलं असेल, तोच दाव्याचा नंबर, जपून ठेवा तो कागद. मग ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी वेबसाइटवर पुणे जिल्हा निवडून केस नंबर टाका, फुकट आहे. नावानेही शोधता येतं पण वर्ष लागतं, आणि स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघा, पेंडिंग नको, डिस्पोज्ड (निकाली) निवडा. १६ अक्षर-अंकी सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा वेगळा असतो तो) मिळाला तर सोनंच. एवढी जुनी केस ऑनलाइन नसेलही, म्हणून निराश होऊ नका.

सुनीता_ताई: आमचीही ऑनलाइन नव्हती! रेकॉर्ड रूममध्ये शोध घ्यायचा अर्ज केला, मग नक्कल विभागात सर्टिफाइड कॉपीचा. निकालपत्र आणि हुकूमनामा दोन्ही मागा हो, आम्ही एकच मागितला आणि परत हेलपाटा. वारस आहात तर आजोबांचा मृत्यूदाखला जोडा.

प्रश्नकर्ता: नोटिशीवर नंबर सापडला ताई!! शाई पुसट आहे पण वाचता येतोय, सोमवारी जातोच.