नोकरीतील ख्रिस्ती साक्ष : आपण नकार दिल्यावर तेच काम दुसऱ्याच्या गळ्यात पडत असेल तर?

सियागंज_इंदूर (प्रश्न)

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. मी सियागंजातील किराणा मालाच्या एका घाऊक दुकानात हिशेबाचे काम पाहतो. रोखीच्या काही गिऱ्हाइकांना पक्के बिल नको असते. त्यांचा हिशेब कच्च्या चिठ्ठीवर होतो आणि दुकान बंद करताना ती चिठ्ठी फाडून टाकली जाते. ख्रिस्ती या नात्याने हे माझ्या हातून होणार नाही, असे मी शेठजींना नम्रपणे सांगितले आणि त्यांनीही न रागावता ते ऐकून घेतले. मात्र आता त्या चिठ्ठ्या नुकताच कामाला लागलेला, वयाने लहान असा एक मुलगा लिहितो, कारण नाही म्हटले तर त्याची नोकरीच जाईल. बायबलातील मत्तय ५:१६ मध्ये आपला प्रकाश लोकांसमोर पडू द्या असे सांगितले आहे, तर ६:१ मध्ये लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका असे बजावले आहे. माझ्या नकारात त्या मुलाला यांपैकी काय दिसत असेल, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त_शिक्षक_रामबाग

बंधू, या दोन वचनांत मला विरोध दिसत नाही. सहाव्या अध्यायात पुढे दानधर्म, प्रार्थना आणि उपास यांचा विषय आहे, म्हणजे ज्यांमुळे माणूस चारचौघांत धार्मिक ठरतो अशा गोष्टींचा. पाचव्या अध्यायात मात्र सत्कर्मे पाहून लोकांनी स्वर्गातील पित्याचे गौरव करायचे आहे, करणाऱ्याचे नव्हे. आपल्या वागण्याचा लाभ कोणाच्या पदरात पडला, हे विचारले की पुष्कळसा उलगडा होतो. लूक १९ मधील जक्कय हा जकातदारांचा मुख्य होता. येशू त्याच्या घरी आला, तेव्हा ‘यापुढे मी असे करणार नाही’ एवढे बोलून तो थांबला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे त्याने कबूल केले. ज्यांना झळ पोहोचली होती, त्यांच्याकडे त्याची दृष्टी वळली. आपला नकार योग्यच आहे, पण तो अर्धा आहे. त्या मुलाला पक्की बिले, खातेवही आणि जीएसटीची विवरणपत्रे शिकवा. हातात विद्या आली की नोकरी जाण्याची भीती कमी होते आणि नाही म्हणण्याचे बळ येते.

परिचारिका_इंदूर

सरांशी मी सहमत आहे, पण आपल्याच भागातील एक उदाहरण येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. कॅथलिक धर्मभगिनी सिस्टर राणी मारिया उदयनगर परिसरात भूमिहीन आदिवासींमध्ये काम करीत होत्या. स्वतः सचोटीने राहिल्या म्हणून त्यांच्यावर कोणी चिडले नव्हते. त्यांनी लोकांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी बचत करायला आणि हक्काची मदत मागायला शिकवले, ते काहींना खुपले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांची हत्या झाली. पुढे त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारेकरी समंदर सिंह याला राखी बांधली. २००६ मध्ये तो सुटला आणि नंतर केरळात त्यांच्या घरी जाऊन आला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात राणी मारियांना ‘धन्य’, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित करण्यात आले. ज्या मनगटाने वार केले त्यावर राखी बांधताना त्या बहिणीला काय वाटले असेल, याची मी आजही कल्पना करू शकत नाही. परंतु क्षमेवरची कितीही प्रवचने जे सांगू शकली नसती, ते तेथे डोळ्यांना दिसले. त्या मुलाच्या बाजूने उभे राहताना आपल्यालाही थोडी किंमत द्यावी लागेल, हे मनाशी धरून चाला.

करसल्लागार_मल्हारगंज

ताईंचे म्हणणे खरे आहे, तरी शेठजींना विसरू नये. तेही आपले शेजारीच आहेत, आणि त्यांनी आपला नकार मानला ही लहान गोष्ट नाही. १ पेत्र ३:१५ मध्ये आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला सौम्यतेने व आदराने उत्तर द्यावे असे सांगितले आहे, आणि तोच सूर येथे उपयोगी पडेल. व्यवहाराच्या बाजूने एक मुद्दा आहे. जी गिऱ्हाइके जीएसटीत नोंदणी झालेले दुकानदार आहेत, त्यांना पक्क्या बिलाशिवाय भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तेव्हा निदान अशा गिऱ्हाइकांची यादी करून त्यांना पक्के बिल द्यावे, असे सुचवता येईल. चिठ्ठ्या एका दिवसात बंद होणार नाहीत, पण ही मागणी मुलाने नव्हे तर आपण करावी, म्हणजे बोलणी खायची वेळ आली तर ती आपल्यावर येईल.

सियागंज_इंदूर

आपणा सर्वांचा आभारी आहे. यादीचे काम मी उद्यापासून हाती घेतो आणि शेठजींशी एकांतात बोलतो. मुलाला शिकवण्यासाठी दुपारी गिऱ्हाईक कमी असते ती वेळ बरी पडेल. करसल्लागार साहेब, विवरणपत्रांपैकी नवख्याला आधी कोणते शिकवावे, तेवढे कृपया सांगा.